जिवंतांचं तबक

आमचं चर्च जमिनीखाली आहे. आमची घरंही टेकडीच्या पोटात कोरलेली आहेत, त्यामुळे देवाला वर उन्हात ठेवणं कुणालाच बरं वाटलं नाही. उन्हाळ्यात इथे गुलाबी काकाकुवेसुद्धा तारेवर बसत नाहीत. पाण्याच्या टाकीच्या बारीक सावलीत एकामागे एक उभे राहतात, रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे. ऑस्ट्रेलियाच्या या वाळवंटात आमची सर्बियाची माणसं ओपल, म्हणजे दगडात सापडणारं रंगीत रत्न, शोधायला आली, आणि ज्या यंत्राने बोगदे खणले त्याच यंत्राने त्यांनी चर्च खणलं. छतावर यंत्राच्या दातांचे गोल गोल वळसे अजून दिसतात. प्रार्थनेत मन भरकटलं की माझी नजर त्या वळशांवरून फिरत राहते.

चर्चची किल्ली माझ्याकडे असते. किल्ली एकच आहे. दुसरी ओब्रादने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बिअरची बाटली उघडताना मोडली. फादर इथे राहत नाहीत. दूरच्या शहरातून सणावाराला येतात. रोज दुपारी ऊन कलायला लागलं की मी खाली उतरते, दिव्यात तेल घालते, मेण खरवडते आणि प्रार्थना संपेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलत नाही. हा माझा नेम. बुधवारी-शुक्रवारी माझ्या जेवणात मांस नाही, दूध नाही, तेलाचा थेंब नाही. ओब्राद म्हणतो, "ते सगळं तेल तुझा दिवा पितो."

डाव्या भिंतीशी मेणबत्त्यांचं लोखंडी मांडण आहे. त्याला दोन तबकं, दोन्हीत सुकलेल्या ओढ्यातली लाल वाळू. वरचं तबक जिवंतांचं आणि जमिनीलगतचं खालचं तबक गेलेल्यांचं. लेकराच्या तापासाठी, रुसलेल्या सुनेसाठी, बंद पडलेल्या इंजिनासाठीसुद्धा मेणबत्ती वर लावायची. आईबापांसाठी खाली. आमच्यातली लहान पोरंही यात चुकत नाहीत. जित्या माणसाची मेणबत्ती कुणी गडबडीत खाली लावली, तर बायका छातीवर क्रूस काढत धावतात आणि मग त्या माणसाला आठवडाभर फोन करून विचारतात, "बरा आहेस ना रे?"

तिहोमिर नाहीसा झाला तो आमच्या, जानेवारीतल्या, ख्रिसमसनंतरच्या आठवड्यात.

हा तिहोमिर म्हणजे बडबड्या माणूस. त्याची बायको झागोर्का गावात पाण्याचा टँकर चालवते. त्यांच्या लग्नात मुकुट चढवताना मी तिच्या शेजारी उभी होते, म्हणून मी तिची कुमा. आमच्यात कुमाचं नातं रक्ताच्या बहिणीहून जड. त्या ख्रिसमसला सकाळी आमच्या घरचा पहिला पाहुणा तिहोमिरच होता. रिवाजाप्रमाणे चुलीतले निखारे काठीने ढवळून ठिणग्या उडवायच्या आणि घराला बरकत मागायची. त्याने निखारे ढवळले आणि असा शिंकला, की भिंतीवरच्या सगळ्या संतांना राख लागली. वर म्हणाला, "घ्या, यंदा तेही आमच्यासारखे खाणकामगार." त्याच्या आदल्या महिन्यात त्याने ओब्रादच्या हेल्मेटमध्ये निळ्या जिभेचा जाडजूड सरडा ठेवला होता. ओब्रादने तो तसाच डोक्यावर घातला. अजूनही ती गोष्ट निघाली की ओब्राद डोकं खाजवतो.

तिहोमिरची पिकअप सापडली दूरच्या जुन्या खाणींच्या माळावर. गाडीखाली सावलीला त्याचा कुत्रा मेदो जीभ काढून पडला होता. तिहोमिरचा मात्र पत्ता नव्हता.

त्या माळावर उभ्या खड्ड्यांना सुमार नाही. प्रत्येकाशेजारी पांढऱ्या मातीचा ढीग, आणि खड्डे विहिरीसारखे खोल, कठड्याविना. आमच्याकडे पोरांना चालता यायला लागलं की पहिली गोष्ट शिकवतात, मागे मागे चालायचं नाही. गावातले सगळे गेले. पोलीस आले, शोधपथक आलं. दोराला दिवा बांधून एकेका खड्ड्यात सोडला, माणसं उतरली, हाका मारल्या. आठवडा गेला. मग शोधपथकाच्या साहेबांनी टोपी काढून झागोर्काला सांगितलं, की अशा उन्हात, पाण्याशिवाय, एवढे दिवस माणूस राहत नाही. त्यांनी तंबू उतरवले आणि ते गेले.

रविवारी झागोर्का चर्चमध्ये आली. टँकरचे बूट तसेच पायात. तिने घरी केलेली मेणबत्ती पिशवीतून काढली. तिच्या मेणबत्त्या अंगठ्याएवढ्या जाड आणि वाकड्या होतात. तिहोमिर त्यांना गाजरं म्हणायचा. ती मांडणासमोर उभी राहिली. मग गुडघ्यांवर बसली आणि तिने मेणबत्ती खालच्या तबकात लावली.

 माझी प्रार्थना व्हायची होती. ती संपल्यावर झागोर्काच म्हणाली, "कुमा, गहू भिजत घाल. शनिवारी त्याच्या नावाचा करून टाकू."

गेलेल्यासाठी आम्ही गहू शिजवतो, अक्रोड आणि साखर घालून. तो सगळ्यांनी चमचा चमचा खायचा.

"इतकी घाई कशाला, पोरी?"

"घाई?" ती उठली, गुडघ्याची वाळू झटकली. "मी रोज त्या रस्त्याने टँकर नेते. रोज एखाद्या ढिगामागे त्याची टोपी दिसते. थांबते, उतरते, जाऊन बघते. दगड असतो. तिकडे लोकांच्या टाक्या कोरड्या पडल्यात आणि मी दगड बघत फिरते. अशी आशा मला नको, कुमा. ती मला वेड लावेल."

मी मान हलवली. ती गेल्यावर मी तिची मेणबत्ती चिमटीने विझवली. कुलूप लावलेल्या चर्चमध्ये काचेतल्या दिव्याखेरीज पेटतं काही ठेवायचं नाही, हा नियम आहे. त्या दिवशी खालच्या तबकात ती एकटीच होती.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढून आत गेले, तर झागोर्काचं गाजर वरच्या तबकात उभं होतं.

विझलेलंच होतं, पण मी विझवलं त्यापेक्षा बोटभर खाली जळलेलं.

संध्याकाळी मी ओब्रादला विचारलं, "तू किल्ली घेऊन चर्चमध्ये गेला होतास?"

"कशाला?"

"झागोर्काची मेणबत्ती कुणीतरी वर लावलीय."

"मी? माझी कंबर बघितलीस का? खालच्या तबकापर्यंत वाकलो, तर माझीच मेणबत्ती तिथे लावावी लागेल." मग माझा चेहरा पाहून तो थट्टा सोडून म्हणाला, "स्तामेना, तूच लावली असशील. रोजची सवय हाताला. चल, जेवायला बस."

असेल, असं मी स्वतःशी म्हणाले. हात सवयीने चालतात. मी पुन्हा जाऊन ती मेणबत्ती खालच्या तबकात खोल रोवली आणि भोवतीची वाळू तळहाताने सपाट केली, थापलेल्या भाकरीसारखी.

पुढच्या दुपारी ती वर होती. खालच्या तबकातली वाळू होती तशीच सपाट. मेणबत्ती जिथे रोवली तिथे भोकसुद्धा नव्हतं. मी मेणबत्ती हातात घेतली. तिच्या अंगावर पांढरी धूळ होती, पिठासारखी मऊ. ही धूळ आम्ही सगळे ओळखतो. माळावरच्या ढिगांवर ती टिकत नाही, वारा उडवून नेतो. टेकडीच्या आत, नव्याने खणलेल्या बोगद्यात असते. त्या धुळीत बोटांचे ठसे होते, अंगठा आणि दोन बोटं. मी माझा अंगठा त्या ठशावर धरून पाहिला. तो माझ्याहून मोठा होता.

मी पाठ फिरवून प्रार्थनेला उभी राहिले. रोजचे शब्द म्हटले, एकही गाळला नाही. पण माझी पाठ त्या भिंतीकडे होती आणि मानेवरचे केस शेवटपर्यंत उभे होते. कुणीतरी माझ्यामागे उभं राहून माझी प्रार्थना संपायची वाट पाहत होतं, असं मला वाटत होतं, आणि ते कोण हे वळून पाहायचं धैर्य मला झालं नाही.

झागोर्काला हे सांगायचं कसं? ती वाटेत न थांबता टँकर चालवायला लागली होती. लोकांशी बोलायला लागली होती. मोठ्या मुश्किलीने तिने आशेचं दार लावून घेतलं होतं, आणि मी जाऊन म्हणायचं, की मेणबत्ती आपोआप वर चढते? आणि तो खरोखरच गेलेला असला तर? मी घरी गहू भिजत घातला आणि गप्प बसले.

पण गुरुवारी तीच आली. हातात दुसरी मेणबत्ती. मी नुकतीच प्रार्थना संपवली होती. तिने मांडणाकडे पाहिलं आणि ती थबकली.

"ही वर कुणी लावली?"

"ठाऊक नाही, पोरी."

"कुमा, किल्ली तुझ्याकडे आहे."

"हो."

"मग?" तिचा आवाज चढला. "तुला वाटलं, बिचारी झागोर्का, तिला जरा धीर देऊ? देवाच्या नावाने? मी गुडघे टेकून ती खाली लावली, ते मला सोपं गेलं असं वाटलं तुला?"

"मी लावली नाही. मी दोनदा खाली ठेवली. ती दोनदा वर आली."

"वर आली! चालत आली का? काय खाऊन बोलतेस?"

"आज काहीच खाल्लं नाही मी," मी म्हणाले. खरंच खाल्लं नव्हतं.  "तू इथे बस. तुझ्या हाताने खाली लाव. दोघी बघू."

ती रागानेच पुढे झाली. तिने जुनी मेणबत्ती वरून उपटली, खाली रोवली आणि पेटवली. आम्ही समोरच्या बाकावर बसलो. दार आतून लावून घेतलं. वरच्या तबकात माझ्या रोजच्या बारीक मेणबत्त्या जळत होत्या. दगडाचा गारवा पोटऱ्यांना लागत होता.

मेणबत्त्या अर्धं बोट उतरल्या. मग झागोर्का म्हणाली, "त्याला इथे नीट बसवतच नसे. पहिल्या स्तोत्राला डुलकी, दुसऱ्याला घोरणं."

"एकदा फादरनी प्रवचन थांबवलं होतं."

"आणि हा जागा होऊन म्हणतो, 'आमेन, आता कॉफी.'" ती हसली, मग नाक पुसलं. "गाढव. वीस वर्षं सांगतेय, एकटा खाली उतरू नकोस. गाढवाला सांगितलं असतं तर त्यानेही ऐकलं असतं. आणि गाणं! देवा, त्याचं गाणं. कुत्रा घर सोडून जायचा."

"मेदो कसा आहे?"

"जेवत नाही. माझ्या टँकरमध्ये चढतो आणि गावातच उतरायला बघतो. माळाकडे नेलं की उलट तोंड करून बसतो." ती थांबली. "कुमा, ते बघ."

मेणबत्त्यांच्या ज्योती वाकल्या होत्या. सगळ्या एकदम, भिंतीपासून आमच्याकडे. आमच्या चर्चमध्ये वारा नाही. जमिनीखाली वारा येणार कुठून? ज्योती वाकल्या, तशाच राहिल्या, मग हळूहळू सरळ झाल्या. मग भिंतीकडे वाकल्या. पुन्हा आमच्याकडे. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं ते चाललं होतं.

झागोर्काने माझं मनगट धरलं. आम्ही ज्योतींकडे बघत होतो, डोळे न हलवता. पापणी लवली असेल तेवढीच. मला शपथेवर सांगता येईल, की आम्ही दोघींनीही मांडणावरून नजर काढली नाही. पण मी खालच्या तबकाकडे पाहिलं तेव्हा ते रिकामं होतं, आणि वाकडं, जाड गाजर वर जळत होतं, माझ्या मेणबत्त्यांच्या मधोमध.

झागोर्का किंचाळली नाही. ती उठली, मांडण बाजूला सारलं आणि भिंतीला गाल लावला.

"इथे चीर आहे," ती कुजबुजली. "केसाएवढी. हवा येतेय. कुमा, या भिंतीमागे काय आहे?"

"काही नाही. टेकडी."

"टेकडीच्या पलीकडे?"

"वुकाशिनचं घर." वुकाशिन म्हणजे एकटा म्हातारा, दोन हिवाळ्यांपूर्वी वारला. त्याचं घर तेव्हापासून बंद होतं.

झागोर्काच्या चेहऱ्यावर आधी काहीच दिसलं नाही. मग तिने डोळे मिटून घेतले. "चर्च खणताना या भिंतीत रंग लागला होता ना? लाल-हिरवा?"

लागला होता. ओपलची एक पट्टी, बोटभर जाड. तेव्हाच्या माणसांनी ती चुन्याने बुजवली आणि क्रूसासमोर शब्द दिला, की ही देवाची, हिला कुणी हात लावायचा नाही. शिवाय गावाच्या हद्दीत खाण खणायला बंदी आहे. लोक नवी खोली काढायची म्हणून घरात खणतात आणि गुपचूप ओपल शोधतात, ते वेगळं. पण चर्चच्या अंगाला कुणी शिवत नाही. तिथे कुणी खणत असेल, हे कुणाच्या मनातही येणार नाही.

"आपण सगळे मूर्ख," झागोर्का म्हणाली. "गाडी जिथे, तिथे माणूस, असं पोलिसांनी समजायचं. आपण कसं समजलो? आपल्यातला कुठला नवरा रंग लागल्यावर गाडी त्या जागेवर ठेवतो?"

हे खरं होतं. चांगली जागा सापडली की इतरांना सुगावा लागू नये म्हणून आमची माणसं गाडी भलत्याच माळावर उभी करून येतात. शोधपथकानेही आसपासचे दोन-तीन माळ पाहिले होते. गावात मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

वुकाशिनच्या घराचं कुलूप दिसायला लावलेलं होतं, हात लावताच निघालं. स्वयंपाकघरात झागोर्काची सायकल भिंतीला टेकून उभी होती. ती चोरीला गेली म्हणून झागोर्का दोन महिने पोस्टमनशी बोलत नव्हती. तिने सायकलची घंटा बोटाने पुसली. "माळावर गाडी आणि राखणीला मेदो ठेवायचा आणि सायकलवरून परत यायचं," ती म्हणाली. "आणि मी त्या बिचाऱ्या पोस्टमनला चोर म्हणाले."

मागच्या खोलीत मातीची पोती छतापर्यंत रचलेली होती. म्हाताऱ्याच्या पलंगावर चादर नीट अंथरलेली होती, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक. पलंगामागे भिंतीत बोगदा. तो आत थोडा जाऊन संपत होता, आणि जिथे संपत होता तिथे छत कोसळून पांढऱ्या दगडांचा ढीग झाला होता.

झागोर्काने हाक मारली. आतून काही आलं नाही.

मी निरोप धाडला, तसे ओब्राद आणि आणखी चौघे आले. ओब्राद गुडघ्यांवर आत सरकला, दिवा छतावर धरला आणि जपून वळून बाहेर आला. "इकडून हात लावायचा नाही," तो म्हणाला. "एक दगड काढला की सगळं खाली येईल. त्याला गाठायचं तर चर्चमधून."

"तर मग चला."

कुणी हललं नाही. मिलिसाव, जो चर्चच्या कामात सगळ्यांत पुढे असतो, हळू आवाजात म्हणाला, "झागोर्का, ती पवित्र केलेली भिंत आहे. आणि आत काही आवाज नाही. एवढे दिवस झाले, पोरी. फादरना विचारू, रीतसर..."

"फादर फोन उचलेपर्यंत?"

"तो जिवंत आहे कशावरून? मेणबत्तीवरून?"

ते सगळे माझ्याकडे बघू लागले. किल्ली माझ्याकडे, दिवा माझा, नेम माझा. मी आयुष्यात कधी पुरुषांच्या घोळक्यात आवाज केला नव्हता. माझ्या अंगठ्याहून मोठा तो ठसा मला आठवला, आणि भिंत जशी श्वास घेत होती ते. आत मेलेला माणूस निघाला, तर या पोरीला मी दुसऱ्यांदा विधवा करणार होते.

"फोडा," मी म्हणाले. "यंत्र नको. हाताने. पाप लागलं तर माझ्या नावावर."

ओब्रादने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नाच्या दिवशी पाहिलं होतं.

मांडण हलवलं, संतांची चित्रं उतरवली. ओब्राद छोट्या कुदळीने चिरेच्या रेषेवर खणू लागला. दगड इथला मऊ, चाकूने चीज कापावं तसा निघतो. हातभर गेला, आणखी वीतभर. मग कुदळीचं टोक एकदम आत गेलं आणि भोकातून हवा आली, शिळी, थंड. ओब्रादने भोक मोठं केलं आणि दिवा आत धरला.

तिहोमिर अगदी समोर बसला होता. दोन हातांच्या अंतरावर. भिंतीला टेकून, पाय दगडांत अडकलेले, अंग पिठात लोळल्यासारखं पांढरं. शेजारी पाण्याचा कॅन आडवा, रिकामा. त्याचे डोळे उघडे होते आणि तो आमच्याकडे बघत होता. पापणीही हलली नाही. मला वाटलं, संपलं.

"तिहो!" ओब्राद म्हणाला. "अरे, बोल की!"

त्याने ओठ हलवले नाहीत. फक्त एक बोट उचललं आणि वर दाखवलं. ओब्रादने दिवा वर केला. त्याच्या डोक्यावर छताचा एक दगड लटकत होता, जेवणाच्या टेबलाएवढा. कशाला धरून होता, ते कुणालाच सांगता आलं नाही.

त्यानंतर कुणी शब्द काढला नाही. श्वाससुद्धा जपून. भोक माणसाएवढं केलं, त्याच्या पायांवरचे दगड एकेक उचलून चर्चच्या सतरंजीवर अलगद ठेवले, जशी अंडी ठेवतात. झागोर्काने त्याला काखेत धरलं. मिलिसावने कंबर धरली. तो इंचाइंचाने बाहेर आला. कंबर आली, गुडघे आले, शेवटी बूट आले.

आणि झागोर्का, जिने इतका वेळ दात आवळून ठेवले होते, तिच्याने राहवलं नाही. "गाढवा!" ती ओरडली.

तिचा आवाज आत शिरला आणि दगड खाली आला. तिहोमिर बसला होता तिथे आता भिंतीच्या उंचीएवढी धूळ होती. चर्चभर पांढरं झालं. दिवा विझला. अंधारात आम्ही सगळे खोकत होतो, आणि झागोर्का त्याला छातीशी धरून पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणत होती, आता कुजबुजत.

विमानाने डॉक्टर आले आणि त्याला शहरात घेऊन गेले. शनिवारी मी भिजवलेला गहू टाकून देणार होते, पण झागोर्काने शहरातून फोन केला. "कुमा, टाकू नकोस. गोड कर आणि सगळ्यांना वाट. तो म्हणतो, स्वतःच्या नावाचा गहू चाखणारा गावातला पहिला मीच, मला डबा पाठवा." मी डबा पाठवला. ओब्रादने झाकणावर सरडा काढला.

तिहोमिर परत आला तो काठी घेऊन. सगळ्यांत आधी त्याने चर्चची भिंत स्वतःच्या हाताने बुजवली, त्या पट्टीला न शिवता. फादर येऊन पाणी शिंपडून गेले आणि त्याला वर्षभर दर रविवारी झाडलोट सांगितली. पोस्टमनकडे झागोर्का केक घेऊन गेली. मेदो पुन्हा जेवू लागला. वर तुरळक पाऊस झाला तेव्हा माळ लाल फुलांनी भरला, आणि आम्ही बायका टोपल्या घेऊन उगीचच हिंडून आलो.

एके दिवशी आमच्या घरी कॉफी पिताना झागोर्काने विचारलंच. "तुला आमचं बोलणं ऐकू येत होतं म्हणतोस."

"सगळं. घोरणं. गाणं. गाढव तर मोजलं नाही इतक्या वेळा."

"मग ओरडला का नाहीस? हातभर भिंत होती!"

तिहोमिरने कप बशीत ठेवला. "ओरडणार होतो. पहिल्याच दिवशी स्तामेनाची प्रार्थना ऐकू आली तेव्हा. तोंड उघडलं की कुणीतरी हात ठेवायचं."

"कुठे?"

"इथे." त्याने ओठांना बोट लावलं. "कोरडा, पिठासारखा हात. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. मी गप्प झालो की काढून घ्यायचा. मला राग यायचा. मी त्याला चावायलाही बघितलं एकदा." तो हसला नाही. "दगड मला तेव्हा दिसला नव्हता. तुमचा दिवा आला तेव्हा दिसला."

"तहानेने डोकं फिरलं होतं तुझं," झागोर्का घाईने म्हणाली. "कॉफी पी."

 तो हात संताचा, देवदूताचा, की वुकाशिनचा, हे माझ्या देवाला ठाऊक. कुणाचे हात वापरायचे ते तो ठरवतो. मी तेल घालते आणि मेण खरवडते. पण एक गोष्ट संपलेली नाही, ती सांगते.

तिहोमिर अजूनही बडबड करतो. तेच विनोद, तीच गाणी. पण कधीकधी बोलता बोलता, वाक्याच्या मध्येच, तो थांबतो. ओठ मिटतात आणि तसेच राहतात. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही हसलो. दुसऱ्यांदा तो आमच्या टेबलाशी बसून ओब्रादची नक्कल करत होता आणि थांबला. झागोर्काने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या दगडी छताकडे. ती उठली, माझा दंड धरला आणि आम्ही सगळे बाहेर पळालो, उन्हात, चपला न घालता. ओब्राद सर्वांत आधी पोहोचला.

"तिहो! बाहेर ये!" झागोर्काने हाक मारली.

तो आला नाही. दारातून दिसत होता. मान जराशी मागे, डोळे शांत, ओठ मिटलेले, कुणी अलगद धरल्यासारखे. घरातून एक चमचासुद्धा वाजला नाही. आमचे तळपाय भाजत होते, पण कुणी आत जायला तयार नव्हतं.

मग त्याने मान हलवली, परवानगी मिळाल्यासारखी, आणि राहिलेलं वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं, आमच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत.